उजाडायच्या आधीची तारीख

६ एप्रिल २०२६, सोमवार

डायरीत या पानावर शनिवार छापलाय. ही डायरी २०२४ची. ऑईलवाल्या एजंटाने अब्बांना दिली होती, ती गॅरेजच्या कपाटात ग्रीसच्या डब्यांमागे पडून राहिली. आज माझ्या नोकरीचा पहिला दिवस म्हणून मला बक्षीस मिळाली. "वार तेवढं खोडून घे, बाकी कोरी करकरीत हाय," अब्बा म्हणाले. म्हणजे रोज लिहायला बसायचं तर आधी एक चूक दुरुस्त करायची. बरंय, सवय लागेल.

कंपनी पुण्यात, सहा माणसांची. नूतन मॅडम मालकीण. मी इथूनच काम करायचं, कापूरहोळच्या चौकातल्या आमच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत, आणि महिन्यातून दोनदा पुण्याला जायचं. तीन महिने कच्ची नोकरी, मग पक्की. पहिलंच काम मुलींच्या एका निवासी क्रीडाशाळेचं आहे. भोर, वेल्हे आणि आसपासच्या शाळांतून अर्ज येणार, त्यांची माहिती साठवायची आणि क्रीडाशाळेच्या संगणकाने विचारलं की बरोबर उत्तर द्यायचं. याला एपीआय म्हणतात.

अब्बांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजी कचेरीतल्या खिडकीवरचा कारकून."

मी म्हटलं, "हो, पण हा चहाला जात नाही."

"मग चुकला तर बी कुनाला दिसायचा न्हाई," अब्बा म्हणाले आणि पान्हा घेऊन गाडीखाली गेले.

९ एप्रिल, गुरुवार

आज मोठा निर्णय घेतला. सगळ्या तारखा आणि वेळा यूटीसीमध्ये ठेवायच्या. यूटीसी म्हणजे साऱ्या जगाचं एक सामाईक घड्याळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. कुठल्याही देशातून विचारा, घोळ नाही. पुस्तकातही हेच सांगतात. प्रोग्राममध्ये तशी ऐटीत टीप लिहिली, खाली माझं नाव घातलं. मॅडमनी अंगठा पाठवला.

तपासून पाहायला अब्बांची जन्मतारीख घातली. १ जून १९६९. ही तारीख अर्थात हेडमास्तरांची कृपा. अब्बांच्या पिढीतला निम्मा तालुका एक जूनलाच जन्मलाय. मशीनमधून उत्तर आलं, ३१ मे. हसून हसून पुरेवाट. खोटी तारीख मशीनलासुद्धा पचली नाही! मीच काहीतरी चुकीचं टाइप केलं असणार.

संध्याकाळी लॅपटॉप मिटला तर अम्मी म्हणाली, "जुम्म्याची रात लागली, आता नखं कापू नको." मी म्हटलं, अम्मी, आज गुरुवार आहे. तर म्हणते, "मगरीब झाली की दुसरा दिवस लागतो. तू पण अशीच झालीस, मगरीबनंतर. कागदावर गुरुवार लिवलाय, पण तू जुम्म्याची हायस." पंचवीस वर्षं हे ऐकतेय. आमच्या घरात दिवस संध्याकाळी सुरू होतो. अम्मीला यूटीसीसुद्धा पुरणार नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

मधले दिवस नुसतं काम. दोन हजार तीनशे चाळीस अर्ज आले. नियम साधा आहे: मुलीचा जन्म १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतरचा पाहिजे. एक दिवस जरी आधीचा असेल तरी अपात्र.

मॅडमनी सांगितलं की अगदी काठावरच्या मुलींच्या घरी फोन करून खात्री करून घे. तुला तिकडची बोली येते, तूच बोल. अशा तिघी निघाल्या. दोघींच्या घरी "जानेवारीतलीच" एवढं ऐकून पटकन काम झालं. तिसरी वेल्ह्याची, पासलीच्या वरच्या धनगरवाड्यातली, नाव वर्षाराणी. आमच्या नोंदीत ३१ डिसेंबर २०१२. चौथ्यांदा फोन लागला. तिची आजी बोलली, सोजराबाई. आवाज खणखणीत.

मी तारीख सांगितलीच नाही, म्हणजे सुचवल्यासारखं नको. नुसतं विचारलं, नात कधी जन्मली?

"इंग्रजी साल सरलं न्हवं का, त्याच्या शेवटच्या रातीची. खाली गडाकडं पुन्याची पोरं फटाकं वाजवत हुती. मला चांगलं ध्येनात हाय."

"म्हणजे एकतीस डिसेंबर?"

"तुमच्यात काय म्हंत्यात ते तुमी बगा. सालाची शेवटची रात. पर का वो बाई, हुईल ना आमच्या पोरीचं? लई पळती ती. शेरडं दमत्यात, ती न्हाई दमत."

मी म्हटलं, बघू. शेऱ्यात लिहिलं: पालकांनी ३१ डिसेंबरला दुजोरा दिला. एका दिवसाने हुकली बिचारी. वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

४ मे, सोमवार

यादी लागली. नुसतं नाव, गाव, पात्र की अपात्र एवढंच आहे. मॅडम खूश. हरकती घ्यायची मुदत २० मेपर्यंत. अम्मीने माझ्या पहिल्या कामाचा म्हणून शिरा केला.

११ मे, सोमवार

आज मन थाऱ्यावर नाही.

दुपारी गॅरेजमध्ये एक मास्तर आले होते, मोटरसायकलची चेन उतरली होती. गोरख सर, पासलीकडच्या शाळेत खेळ शिकवतात. मी खाली चहा द्यायला गेले तर अब्बांना सांगत होते, "अमजदभाई, चौदा वर्सं झाली मला शिकवतोय, असली पोर बगितली न्हवती. निवडचाचणीत पैली आली. दुसरीपेक्षा शंभर पावलं म्होरं. आन् यादीत अपात्र."

"का?"

"वय एक दिवसानं जास्त म्हंत्यात. दाखल्यावर एक जानेवारी हाय! म्या हरकत घ्यायला क्रीडाशाळेत फोन केला, तर म्हनले, आजीनंच सांगितलंय एकतीस डिसेंबर, तवा दाखलाच खोटा असंल. आता सांगा, डोंगरातली म्हातारी खोटा दाखला कशाला काढील? पोरगी पळायची थांबलीय. बूट खुंटीला टांगून ठिवलेत."

मी तिचं नाव विचारलं. वर्षाराणी. चहा बशीत सांडला. सर म्हणाले, राहू द्या बेटा, बशीतलाच पितो.

दाखल्यावर एक जानेवारी आहे. शाळेने अर्जात तीच तारीख भरली असणार. मग माझ्याकडे एकतीस कशी?

आणि आजी तरी एकतीस का म्हणाली? दोघांची चूक सारखीच कशी? एकजण चुकला तर चूक. दोघं एकच सांगतात म्हणजे खरं असणार ना? मी स्वतःला हेच समजावतेय. पण पटत नाही.

१२ मे, मंगळवार

सापडलं. नको सापडायला होतं असं अर्धा तास वाटलं, हे इथे लिहून ठेवते, कारण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही.

सकाळी सहज ही डायरी चाळली. ९ एप्रिलचं पान. अब्बांचा एक जून, मशीनचा ३१ मे, आणि माझं दात काढणं. चूक त्या दिवशी माझ्यासमोर बसून राहिली होती आणि मी तिला हसून वाटेला लावलं.

झालं ते असं. शाळेने भरलं, १ जानेवारी. जन्मतारखेला वेळ नसते, पण माझ्या प्रोग्रामने आपणहून तिला वेळ चिकटवली, मध्यरात्रीचे बारा. मग साडेपाच तास मागे नेऊन यूटीसीत ठेवलं. मागे गेलं की होतात आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसहा. क्रीडाशाळेने विचारलं की तो वेळेचा भाग कापून नुसती तारीख पाठवायची. म्हणून ३१ डिसेंबर. दोन हजार तीनशे चाळीस मुलींना मी एकेक दिवस म्हातारं केलंय. बाकीच्यांना काही फरक पडला नाही. अगदी काठावर, एक जानेवारीला, उभी होती ती एकटी, आणि तीच पडली.

आदल्या संध्याकाळचे साडेसहा, म्हणजे मगरीबची वेळ. अम्मीचं ते जुम्म्याचं बोलणं आठवलं आणि एकदम आजीचंही कळलं. अम्मीचा दिवस मावळतीला लागतो. सोजराबाईंचा उगवतीला लागत असणार. पोरगी पहाटे झाली असेल तर त्यांच्या लेखी आदलाच दिवस चालू होता. त्यांनी खरं तेच सांगितलं. एकतीस हे मी म्हटलं, त्या म्हणाल्याच नाहीत. "तुमच्यात काय म्हंत्यात ते तुमी बगा" म्हणाल्या. आणि मी बघितलं नाही.

एकदा प्रोग्रामने आणि एकदा पेनाने, मी तिला दोनदा खोडलं.

१३ मे, बुधवार

अब्बांना सगळं सांगितलं. विचारलं, मॅडमना कळवलं आणि नोकरी गेली तर? त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "नुजू, ब्रेकचा नट उलटा बसला आसंल तर गिऱ्हाइकाला आपनच जाऊन सांगायचं. त्यो घाटात सापडायच्या आदी. म्या दोनदा सांगितलंय. एक गिऱ्हाइक गेलं, एक अजून येतंय."

फोन केला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "जन्मतारखेला घड्याळ लावायचंच नव्हतं, नुजहत."

"हो मॅडम."

"प्रोग्राम आज दुरुस्त कर. पण तेवढ्याने भागणार नाही. क्रीडाशाळेकडे तुझा शेरा आहे, आजीने दुजोरा दिला म्हणून. उद्या ते म्हणतील, कंपनी आपली चूक झाकतेय. आजींचा जबाब आण. सहीनिशी, तारखेसकट."

१४ मे, गुरुवार

अब्बांनी गॅरेज बंद ठेवलं. मला आठवतं तसं मयत आणि ईद सोडून कधी बंद नव्हतं. नसरापूर, वेल्हे, पासली, आणि पुढे पायी तासभर चढण. अब्बा वाटेत चार वेळा बसले आणि चारही वेळा म्हणाले, तू दमली असशील.

वाड्यात पाच घरं. सोजराबाई दारातच होत्या, शेरडांना पाणी दाखवत. वर्षाराणी खांबाला टेकून उभी, काटकुळी, गुडघ्यावर खरचटल्याच्या खुणा. खुंटीला पांढरे बूट, नाड्या एकमेकींत बांधलेले. मी नाव सांगून दोन वाक्यं बोलले असेन, तोच ती म्हणाली,

"तुमीच ना फोनवर?"

मी हो म्हटलं. त्यापुढे जे बोलायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "माझी चूक झाली. तुझी तारीख बरोबर आहे. माझ्या मशीनने चुकवली."

 ती शेरडांमागे निघून गेली. मला रडू आलं, ते मी पदरात नाही, अब्बांच्या ग्रीसच्या रुमालात पुसलं.

सोजराबाईंनी बकरीच्या दुधाचा चहा दिला. मी कागद काढला. त्यावर घरूनच लिहून आणलं होतं, माझ्या नातीचा जन्म १ जानेवारी २०१३ रोजी झाला. वाचून दाखवलं. बाईंनी कागद परत सरकवला.

"ह्याच्यावर सई न्हाई करनार."

"का हो आजी?"

"दिस उगवला न्हवता. मग एक कशी हुईल? नर्सबाईनं एक लिवली, ती तिची रीत. म्या कवा म्हनलं न्हाई एक. आन् आता पोरीच्या पायासाटी खोटं बोलू? त्या पायाला पचंल व्हय ते?"

मी समजावलं. सरकारी दिवस रात्री बाराला सुरू होतो. "मध्यान रातीला? आन् दिवस उजाडला हे कळतं कुनाला तवा?"  अब्बा म्हणाले, आमच्यात तर सांजेलाच सुरू होतो. बाई म्हणाल्या, "ते निदान डोळ्याला दिसतं तरी."

 ही बाई सही करणार नाही, कारण ती खरी आहे, आणि खरी आहे म्हणून पोरीची जागा जाणार.  मग वाटलं, मी पुन्हा तीच चूक करतेय. जे त्यांना सांगायचं नाही ते त्यांच्या तोंडी घालतेय.

म्हटलं, "आजी, तारीख राहू द्या. त्या रात्री काय काय झालं, तेवढंच सांगा. जसंच्या तसं लिहिते."

त्या खुलल्या. "सांज झाली तवा सूनबाईला कळा लागल्या. फटाकं लई वाजलं, मग थांबलं. खाली समदी सामसूम झाली. बाजी, माझा ल्योक, चूल पेटवत बसला हुता. मग चांदनी वर आली, पहाटंची. कोंबडं आरडलं एकदा. तवा झाली पोरगी. नाळ कापली, न्हाऊ घातलं, आन् पदरात घेतली तवा खाली पासलीत मुक्कामाच्या गाडीनं हारन वाजवला."

"मुक्कामाची एसटी कितीला सुटते?"

"साडेपाचला. तवा बी साडेपाच, आज बी साडेपाच. त्या गाडीवर आमी घड्याळं लावतो."

मी लिहिलं. फटाके थांबल्यानंतर, पहिल्या कोंबड्यानंतर, साडेपाचच्या एसटीच्या आधी. तारीख कुठेच नाही, पण फटाके रात्री बाराचे, म्हणजे कुणीही वाचलं तरी एक जानेवारीच. वाचून दाखवलं. "हां, ह्ये खरं हाय," म्हणाल्या आणि पेन मागितलं. मी शाईचा पॅड पुढे केला तर डोळे वटारले. "सई येती मला." एकेक अक्षर थांबून थांबून काढलं. सोजराबाई.

साडेपाच. आपले पहाटेचे साडेपाच होतात तेव्हा यूटीसीत रात्रीचे बारा वाजतात. म्हणजे ज्या घड्याळाची मी एवढी ऐट मारली, त्याचा दिवस मुक्कामाची गाडी सुटते तेव्हा सुरू होतो. हे उतरताना अब्बांना सांगितलं. त्यांना ते फार आवडलं.

१८ मे, सोमवार

मॅडमनी जबाब, दाखला आणि माझं चुकीचं कबुलीपत्र एकत्र पाठवलं होतं. आज उत्तर आलं. तारीख दुरुस्त, शेरा रद्द, वर्षाराणी पात्र. "जबाब वाचून आमच्या समितीत कुणी शंका काढली नाही," असं लिहिलंय.

मॅडम म्हणाल्या, कच्ची नोकरी आणखी तीन महिने कच्ची. मान्य आहे. प्रोग्राममधली माझी ऐटीची टीप काढून दुसरी लिहिली: जन्मतारीख ही नुसती तारीख आहे, तिला वेळ जोडू नये. नाव मात्र खाली ठेवलं.

गोरख सरांना फोन केला.  ते म्हणाले, "थांबा, ती हितंच हाय." फोनवर नुसते पाय वाजत गेले, लांब लांब. सर म्हणाले, ऐकलं न्हाई समदं, पळाली आजीकडं.

१ जून, सोमवार

मशीनमध्ये अब्बांची तारीख घातली. १ जून आली. खाली जाऊन मुबारकबाद दिली. "खोट्या वाढदिवसाला खरा शिरा," म्हणाले आणि दोनदा घेतला.

१५ जून, सोमवार

काल संध्याकाळीच मी आणि अब्बा पासलीला गोरख सरांकडे मुक्कामाला गेलो. अब्बा म्हणाले, गाडी चुकायला नको. गाडी आमची नव्हतीच.

पाचला एसटीजवळ आलो. वर्षाराणी बूट घालून आली होती, नाड्या नीट बांधलेल्या. सोबत तिचा बाप बाजी, डोक्यावर पत्र्याची पेटी. तो पुण्यापर्यंत जाणार. सोजराबाईंनी तिच्या पिशवीत भाकरी ठेवल्या, काढल्या, पुन्हा ठेवल्या. रडल्या नाहीत. पोरगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "ताई, पैल्या नंबरात आले तर वेळ तुमीच लिवा. तारीख नको." आणि हसली. मी पहिल्यांदाच तिला हसताना बघितलं.

बरोबर साडेपाचला हॉर्न वाजला. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी आम्ही तिथेच. पूर्वेला फटफटलं होतं, पण सूर्य डोंगराआडच होता.

मला त्यांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं. म्हटलं, "आजी, पहिली सुट्टी नव्वद दिवसांनी आहे. जातील भरभर."

"नव्वद कुठलं?" सोजराबाई म्हणाल्या. डोळे पदराने पुसत होत्या, पण आवाज तोच खणखणीत. "निघाली तवा दिस उगवला न्हवता. म्हंजी ती काल गेली. आता उगवंल, तवा एक दिस सरला. एकुननव्वदच राहिलं की."

अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी काही दुरुस्त केलं नाही. सूर्य वर येईपर्यंत आम्ही तिघं एसटीच्या थांब्यावर बसून राहिलो.

आता घरी येऊन लिहितेय. या पानावर छापलेला शनिवार खोडला, सोमवार लिहिला, आणि कोपऱ्यात ८९.